अंगठा दाबावा की दोन ओळी लिहाव्यात?

प्रश्न : यूट्यूबवर पाककृती आवडली की मी अंगठा दाबून मोकळा होतो. मुलगी म्हणते, "बाबा, अंगठ्याला कोण विचारतं? दोन ओळी लिहा." माझे अंगठे खरंच वाया जातात का?

उत्तर : वाया जात नाहीत, पण अंगठ्याचं काम वेगळं आणि शब्दांचं वेगळं.

बटणाचा गुण म्हणजे त्याला कष्ट लागत नाहीत. त्यामुळे एरवी गप्प बसणारेही मत देतात. नेटफ्लिक्सने 2017 मध्ये पाच तारे काढून अंगठे आणले, ते याच हिशेबाने. मतं भरपूर आली की हजारो गोष्टींतून निवडक वर आणता येतात. चाळणीचं हे काम लेखी अभिप्रायांना जमणार नाही. तेवढं वाचायचं कोणी?

पण बटण कारण सांगत नाही. साबुदाण्याच्या खिचडीच्या व्हिडिओला चाळीस उलटे अंगठे पडले, तर करणारीने काय समजावं? खिचडी बिघडली, आवाज नीट आला नाही, की शेंगदाण्याचं कूट कमी पडलं? याउलट "साबुदाणा बुडेल एवढं पाणी घातलं, गोळा झाला; पाणी किती ते सांगा" ही एकच ओळ आली, तर पुढचा व्हिडिओ सुधारतो.

जास्त अंगठे म्हणजे गोष्ट चांगलीच, हाही एक गैरसमज. 'सायन्स' या नियतकालिकात 2013 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बातम्यांच्या एका संकेतस्थळावर काही प्रतिक्रियांना संशोधकांनी, मजकूर न पाहता, सुरुवातीलाच एक अनुकूल मत देऊन ठेवलं. अशा प्रतिक्रियांचे अंतिम गुण सरासरी 25 टक्क्यांनी जास्त भरले. पहिलं मत दिसलं की पुढचे त्याच बाजूला झुकतात. गंमत म्हणजे मुद्दाम दिलेलं प्रतिकूल मत मात्र लोकांनी भरून काढलं.

उलट्या अंगठ्याचा दुरुपयोगही होतो. ठरवून केलेला असा मारा थांबावा म्हणून यूट्यूबने नोव्हेंबर 2021 पासून नापसंतीचा आकडा प्रेक्षकांपासून लपवला. बटण मात्र ठेवलं, आणि व्हिडिओ करणाऱ्याला आकडा दिसतो. प्रोग्रामरांच्या स्टॅक ओव्हरफ्लोवर तर दुसऱ्याच्या उत्तराला उलटं मत द्यायचं तर स्वतःचा एक गुण खर्ची पडतो. फुकट नाही म्हटल्यावर माणूस जरा विचार करून दाबतो!

म्हणून शब्द कायम श्रेष्ठ, असंही नाही. "मस्त!" आणि "बकवास!" हे शब्द असले तरी अंगठ्यापेक्षा जास्त काहीच सांगत नाहीत. शिवाय लिहिणारे मोजकेच, आणि त्यांत फार खूश झालेले किंवा फार चिडलेले जास्त. अ‍ॅमेझॉनवर ग्राहकांच्या लेखी परीक्षणाखाली 'उपयुक्त' असं बटण असतं, ते यावरचा तोडगाच : काहींनी लिहायचं, बाकीच्यांनी त्यातलं कामाचं वर आणायचं.

तेव्हा आवडलं तर खुशाल अंगठा दाबा. नाही आवडलं तर मात्र मुलीचं ऐका : काय बिघडलं ते एका ओळीत लिहा. आणि तुमच्या मनातलं आधीच कोणी लिहिलं असेल, तर त्याच ओळीला अंगठा द्या.