दोन स्वारांची सायकल

एकाच सायकलीवर एकामागे एक बसून दोघे पायडल मारीत चालले आहेत, असे दृश्य आपल्याकडील रस्त्यांवर क्वचितच दिसते. अशा सायकलीस टँडेम म्हणतात. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती फार लोकप्रिय होती. ऑलिंपिक सामन्यांत तिच्या शर्यती १९७२ पर्यंत होत असत.

आज तिचे खरे मानकरी पॅरालिंपिकमधील स्वार होत. तेथे पुढे डोळस स्वार बसतो आणि मागे दृष्टिहीन. हॅंडल वळविणे पुढच्याच्या हाती. मागच्याने पायांचे बळ द्यावयाचे. त्याला समोरचा खड्डा दिसत नाही, वळणही दिसत नाही. रस्ता त्याला कळतो तो बैठकीतून आणि पायडलांतून, म्हणजेच सायकलीच्या सांगाड्यातून. तो सांगाडा कशाचा केला आहे, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने किरकोळ नव्हे.

साध्या सायकलीच्या दोन चाकांतील अंतर सुमारे एक मीटर असते. टँडेमचे पावणेदोन मीटरच्या आसपास. शिवाय भार दोघांचा. आखूड बांबूपेक्षा लांब बांबू सहज वाकतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. येथेही तसेच घडते. पुढच्याने चढावर हॅंडल खेचले आणि त्याच क्षणी मागचा दुसऱ्या बाजूस कलला, की सांगाडा पिळला जाऊ लागतो. तो पुरेसा ताठ नसेल, तर पुढचे चाक वळते आणि मागचे किंचित उशिराने त्यामागे येते. वेगाने उतार उतरताना हा उशीर दोघांच्याही काळजाचा ठोका चुकवितो.

मग ताठपणा आणावा कसा? पोलादाचा ताठपणा ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट असतो. पण त्याचे वजनही तितकेच अधिक असते. टायटॅनियम दोन्ही बाबतींत पोलादाच्या निम्म्याहून थोडे अधिक. म्हणजे केवळ धातू बदलून फारसे काही साधत नाही! खरे मर्म नळीच्या आकारात आहे. वहीचा एक कागद एका कडेला धरा. तो लगेच खाली लवतो. त्याचीच सुरळी करा. ती ताठ राहते. कागद तोच, वजन तेच.

पातळ नळीचा व्यास दुप्पट केला आणि पत्र्याची जाडी तीच ठेवली, तर वजन दुप्पट होते. ताठपणा मात्र आठपट वाढतो. आता हिशेब करून पाहा. पोलादी नळीच्या दुप्पट व्यासाची, तितक्याच जाडीची ॲल्युमिनियमची नळी घेतली, तर तिचे वजन पोलादी नळीच्या दोन तृतीयांश भरते आणि ताठपणा अडीचपटीहून अधिक. ॲल्युमिनियमच्या टँडेमच्या नळ्या एवढ्या जाडजूड दिसतात त्या यामुळेच. अर्थात यालाही मर्यादा आहे. नळी फार मोठी आणि पत्रा फार पातळ झाला, तर ती रिकाम्या डब्यासारखी चेपते. कार्बनच्या तंतूंचा सांगाडा करताना आणखी एक सोय असते: ज्या दिशेने ताण येतो त्या दिशेने तंतू अधिक घालता येतात.

पोलादी सायकल मऊ चालते आणि ॲल्युमिनियमची हाडे खिळखिळी करते, असे पुष्कळ लोक सांगतात. त्यात तथ्य थोडे आहे. वरून येणारे धक्के सोसण्याचे काम मुख्यतः टायरांतील हवा करते. रुंद टायर घेऊन त्यांतील हवा थोडी कमी ठेवली, तर जो फरक पडतो तो धातू बदलून पडत नाही.

तरीही धक्क्यांचा वाटा दोघांना सारखा येत नाही. पुढचा स्वार दोन चाकांच्या मध्यभागाजवळ असतो. मागच्याची बैठक मागील चाकाच्या निकट. त्यामुळे खड्ड्याचा दणका त्यालाच अधिक बसतो, आणि तोही अवचित. म्हणून मागच्या बैठकीखाली पुष्कळदा धक्का शोषणारा दांडा बसवितात. दांडा नसला तरी, पुढच्याने वेळेवर “खड्डा!” असे ओरडून सांगितले, की मागचा बैठकीवरून किंचित उठतो, गुडघे किंचित वाकलेले ठेवतो आणि चाक खड्ड्यातून पार होईपर्यंत तसाच राहतो.