शेताचा पत्ता फोनमध्ये हवा



आज फवारणीचं नाही, फवारणाऱ्या माणसाचं बोलू. मागच्या हंगामात कपाशीत औषध मारताना आपल्या एका सभासदाच्या गड्याला चक्कर आली. १०८ ला फोन लगेच लागला, पण 'नेमकं कुठं यायचं?' हे सांगण्यातच वेळ गेला. गडी वाचला. पण शेताला घर नंबर नसतो, हे तेव्हा कळलं. म्हणून ही पाच कामं आजच करा.

१) नंबर: रुग्णवाहिकेसाठी १०८. पोलीस, आग, कोणतंही संकट असेल तर ११२. पूर्णाकाठी रेंज येते-जाते. आपल्या सिमला रेंज नसली तरी ११२ लावून बघा. दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ असेल तर लागतो. फोन लॉक असला तरी लागतो.

२) ठिकाण: आखाड्यावर उभं राहून गुगल मॅप उघडा. निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरा, दोन आकडे दिसतील. आपल्या भागात पहिला १९ ने आणि दुसरा ७६ ने सुरू होतो. ते घरच्यांना पाठवा, आखाड्याच्या भिंतीवरही लिहा. नेट नसलं तरी फोनवर वाचून सांगता येतात. गाडी बोलावली की एक माणूस फाट्यावर उभा करा.

३) बटण: सेटिंगमध्ये 'इमर्जन्सी' शोधा. बऱ्याच फोनमध्ये पॉवर बटण पाठोपाठ ५ वेळा दाबलं की मदतीचा फोन लागतो. तिथंच रक्तगट आणि घरचा नंबर भरा. उगाच दाबून बघू नका, खरा फोन लागतो.

४) विषबाधा: औषधाच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो फवारणीआधीच काढून ठेवा. कोणतं औषध होतं हे कळलं की डॉक्टरांचं काम सोपं होतं. त्रास झाला तर कपडे काढा, साबणानं अंग धुवा, बळजबरीनं उलटी करवू नका आणि लगेच दवाखाना गाठा.

५) वीज: पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप घ्या, लोकेशन चालू ठेवा. जवळपास वीज पडत असेल तर इशारा येतो. इशारा आला की झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा.

रात्री मोटर चालू करायला जाताना फोन चार्ज असू द्या, घरी सांगून निघा.

ज्यांना जमलं त्यांनी ग्रुपवर 'झालं' लिहा. नाही जमलं तर फोन घेऊन ऑफिसला या, मी बसवून देतो.

आपला,
कृषी सल्लागार, येलदरी