वाटेवरचे विसावे

दूरच्या प्रवासास निघालेल्या माणसाला मुक्कामाचे गाव जितके प्रिय असते, तितकीच वाटेवरची सावलीही प्रिय असते. मात्र गाव त्याच्या ध्यानात राहते आणि सावलीचा त्याला विसर पडतो.

अमेरिका हा अफाट विस्ताराचा देश. १९५६ साली तेथील सरकारने कायदा करून सुमारे ४१,००० मैल लांबीच्या महामार्गांचे जाळे विणण्याचे ठरविले. या व इतर रस्त्यांवर, गावांपासून दूर, प्रवाशांसाठी ठिकठिकाणी विसावे बांधण्यात आले. एक छप्पर आणि त्याखाली मेज व बाके, एवढाच त्यांतील पुष्कळांचा थाट. कोणीही यावे, शिदोरी सोडावी, पाय मोकळे करावे आणि पुढे जावे. या साध्या कामातही बांधणाऱ्यांनी जीव ओतला. टेक्सास राज्यात काही छपरांना तेथील मूळ रहिवाशांच्या शंकूसारख्या तंबूंचा आकार दिला. न्यू मेक्सिकोत पांढऱ्याशुभ्र वाळूच्या टेकड्यांत शिडासारखी वक्र छपरे उभी राहिली.

पुढे दिवस पालटले. महामार्गालगत खाणावळी व पेट्रोलपंप वाढले. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर अनेक राज्यांना विसाव्यांचा खर्च जड वाटू लागला. ॲरिझोना राज्याने २००९ साली आपल्या १८ विसाव्यांपैकी १३ बंद केले. त्यांतील काही पुढे पुन्हा उघडले. परंतु देशात इतरत्र कित्येक विसावे कायमचे नाहीसे झाले.

त्याच सुमारास टेक्सासमधील छायाचित्रकार रायन फोर्ड यांचे लक्ष या दुर्लक्षित जागांकडे गेले. त्या नष्ट होण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्यावीत, असा निश्चय करून या बाईंनी राज्याराज्यांतून प्रवास केला. २०१६ साली ही छायाचित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

त्यांच्या बहुतेक छायाचित्रांत माणूस नाही. विस्तीर्ण माळ, वर मोकळे आकाश आणि मधोमध एकटे छप्पर! तरीही ते चित्र ओसाड वाटत नाही. रिकामे बाक पाहताच मनात येते, की लेकीच्या भेटीस निघालेला बाप येथे टेकला असेल. कामाच्या शोधात घर सोडलेल्या तरुणाने येथूनच मागे वळून पाहिले असेल. ती माणसे गेली. त्यांची ओढ मात्र त्या बाकावर रेंगाळत राहिली.

राजवाडे आणि किल्ले यांची चित्रे काढणारे पुष्कळ असतात. जेथे कोणी कायमचे राहिले नाही, परंतु थकल्याभागल्या जिवांना जेथे घटकाभर आसरा मिळाला, अशा जागेची आठवण ठेवणारा विरळाच.