शिकलेला अपुल्लोस पुन्हा शिकतो

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १८:२४-२८

अपुल्लोस आलेक्सांद्रियाचा. ते शहर म्हणजे विद्येचे माहेरघर. शास्त्राचा त्याचा अभ्यास दांडगा आणि बोलणे ओघवते. इफिसाच्या सभास्थानात तो बोलू लागला तेव्हा ऐकणाऱ्यांत अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे तंबू करणारे दांपत्य होते. ह्याच्या शिकवणीत काही उणे आहे हे त्यांनी ओळखले आणि त्याला आपल्याकडे नेऊन मार्ग अधिक नीट समजावून दिला. एवढा विद्वान मनुष्य कारागिरांपुढे विद्यार्थी होऊन बसला, ही गोष्ट वाचताना आपण घाईने ओलांडतो.

आदिवासी बांधवांमध्ये सेवा करू इच्छिणाऱ्या तरुणाने पदवीनंतर आणखी दोन-तीन वर्षे शिकावे काय? अवश्य शिकावे, पण कोणापाशी, हे आधी ठरवावे. ह्या बाबतीत कॅनडातील मंडळ्यांचा अनुभव पाहण्याजोगा आहे. त्या आपल्याला परक्या नाहीत. तेथील प्रेस्बिटेरियन मिशनरी १८७७ मध्ये इंदूरला आले, पुढे डॉ. बुकॅनन ह्यांनी आमखुट येथे भिल्लांमध्ये सेवा केली.

त्याच देशात मंडळ्या सरकारी पैशावर आदिवासी मुलांच्या निवासी शाळा चालवीत होत्या : रोमन कॅथोलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि १९२५ नंतर युनायटेड चर्च. एकोणिसाव्या शतकापासून १९९० नंतरच्या दशकापर्यंत सुमारे १,५०,००० मुले आईबापांपासून दूर ठेवली गेली. आपली भाषा बोलल्याबद्दल त्यांना मार बसे. हजारो दगावली. हे चालविणारे अडाणी नव्हते, रोज प्रार्थना करणारे होते. हा इतिहास वाचताना जीव कासावीस होतो तो ह्याचसाठी.

१९८६ मध्ये युनायटेड चर्चने सडबरी येथे आदिवासींची क्षमा मागितली. त्यांच्या वडीलजनांनी ती ऐकून घेतली, पण स्वीकारली असे म्हटले नाही. आठवण म्हणून तेथे दगडांची रास रचली, ती अपुरीच ठेवली.

पुढे सत्य व समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ मागण्या मांडल्या. त्यांतील साठावी मंडळ्यांच्या पुढाऱ्यांना उद्देशून आहे; ईश्वरविज्ञानाच्या शाळांना बरोबर घेऊन त्यांनी पाठ्यक्रम तयार करावा, असे तिचे म्हणणे. पाळक होणाऱ्यास आणि आदिवासींत काम करणाऱ्या सेवकांस आदिवासींच्या श्रद्धेचा मान राखण्यास शिकवावे. निवासी शाळांचा इतिहास, त्यांतील मंडळ्यांचा वाटा आणि धर्मामुळे घराघरांत पडलेली फूटही शिकवावी, असे ती सांगते. हे पाठ्यक्रमात घालावे लागले, कारण नुसत्या सदिच्छेने ते कोणाला समजले नव्हते.

व्हँकुव्हर येथील ईश्वरविज्ञानाच्या शाळेने निराळी वाट काढली. तेथे आदिवासी विद्यार्थी आपल्या वस्तीत राहून, सेवा करीत पदव्युत्तर अभ्यास करतो. जवळपासचा मार्गदर्शक त्याला साहाय्य करतो. उन्हाळ्यात सगळे एकत्र जमतात. गाव सुटत नाही, म्हणून शिकलेला माणूस गावाला मुकत नाही. माझ्या मते आपल्याकडील शाळांनी उचलावी अशी गोष्ट हीच. वाचनालयाची मोठी इमारत नंतर बांधता येईल.

वर्गासाठी प्रश्न :

१. अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांनी अपुल्लोसाला भर सभेत का खोडले नसेल?

२. ती रास वडीलजनांनी अपुरी का ठेवली असावी? उत्तर देण्याची घाई करू नये.

३. घरी भिली किंवा कोरकू बोलणारे मूल आपल्या शब्बाथशाळेत आले, तर पहिल्या दिवशी शिक्षकाने त्याच्याकडून काय शिकून घ्यावे?