विकत घेतलेले नाव, कमावलेली पत

वीजप्रवाह गरजेनुसार जोडणारी, आणि तो मर्यादेबाहेर वाढताच खंडित करणारी साधने म्हणजे स्विचगिअर. आपल्या मीटरशेजारचा मेन स्विच, फ्यूज व एमसीबी ही त्याचीच घरगुती रूपे होत. या क्षेत्रातील ‘हॅवेल्स’ हे नाव अनेकांना विलायती वाटते. वस्तुतः ते हवेली राम गांधी या उद्योजकाच्या नावावरून आलेले आहे.

पंजाबातील मालेरकोटल्याचे किमत राय गुप्ता शिक्षकी पेशा सोडून १९५८ साली दहा हजार रुपयांनिशी दिल्लीस आले आणि भगीरथ पॅलेस या वीजसामानाच्या बाजारपेठेत व्यापार करू लागले. १९७१ साली त्यांनी सुमारे सात लाख रुपयांस ‘हॅवेल्स’ हे नाव गांधींकडून विकत घेतले. त्या काळी निव्वळ नावासाठी एवढी रक्कम मोजणे हे साहसच म्हणावे लागेल! स्वतःचा पहिला कारखाना निघाला तो १९७६ मध्ये, दिल्लीच्या कीर्तिनगरात. तेथे चेंजओव्हर स्विच तयार होऊ लागले. वीज गेल्यावर जनित्राकडे वळण्यासाठी लागणाऱ्या या साधनाला आपल्याकडे गिऱ्हाईक कमी पडण्याचे कारण नव्हते.

बँकव्यवहाराच्या अभ्यासकाने थांबून पाहावे, असा प्रसंग २००७ चा. आपल्याहून मोठी उलाढाल असलेली ‘सिल्व्हेनिया’ ही युरोपातील दिव्यांची कंपनी हॅवेल्सने कर्ज काढून घेतली. पुढच्याच वर्षी जागतिक मंदी आली, विक्री घसरली आणि कर्जकरारातील अटी पाळणे दुष्कर झाले. कर्जाचा मोठा भाग सिल्व्हेनियाच्याच मालमत्तेवर व उत्पन्नावर उभारलेला होता. त्याच्या वसुलीसाठी धनकोंना हॅवेल्सकडे बोट दाखवता येत नव्हते. एमसीबी जसा एका खोलीतील बिघाड इतर खोल्यांत पसरू देत नाही, तशीच ही रचना. म्हणजे सिल्व्हेनिया सोडून देऊन बाहेर पडणे कायद्याने शक्य होते. परंतु पत म्हणजे केवळ करारातील कलमे नव्हेत. गुप्ता कुटुंबाने माघार घेतली नाही. २००९ मध्ये ‘फिनिक्स’ व ‘पराक्रम’ या दोन योजना राबवून परदेशांतील काही कारखाने बंद केले, नोकरकपात केली आणि उत्पादनाचा काही भाग भारत व चीनकडे वळवला. तेथील कामगारांना त्याची झळ बसली, हेही नोंदवले पाहिजे. कंपनी मात्र सावरली.

नोव्हेंबर २०१४ मध्ये किमत राय गुप्ता निवर्तले व सूत्रे पुत्र अनिल राय गुप्ता यांच्याकडे आली. पुढच्या वर्षअखेरीस सिल्व्हेनियाचा ८० टक्के हिस्सा शांघायच्या फेइलो कंपनीस विकण्याचा करार झाला.