गुरुजींचे घर

३ जून २०२० या दिवशी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्यावर आले. ते रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर चढले. पण त्याचा तडाखा शेजारच्या मंडणगड आणि दापोली तालुक्यांनाही बसला. दापोली तालुक्यातील आमचे गाव अगदी समुद्राला लागून आहे. दुपार कलल्यावर वारा ओसरला. दारे उघडून पाहतो, तो वाड्यांतील पोफळी आडव्या पडलेल्या, माडांचे शेंडे मोडलेले, आणि एकाही घरावर पुरते छप्पर नाही!

माझ्या शेजारी गुरुजी राहतात. मला मुळाक्षरे त्यांनीच शिकवली. त्यांचे घर त्यांच्या आजोबांनी बांधलेले. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि वर मंगळुरी कौले. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला अशा कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ही लाल कौले गलबतांत भरून कोकणच्या बंदरांत उतरू लागली. त्या छपराचा निम्मा भाग वादळाने नेला होता.

त्याच वर्षी माघ महिन्यात गुरुजींच्या पत्नी, आम्हां सर्वांच्या काकू, वारल्या होत्या. मुलगा मुंबईत. टाळेबंदीमुळे त्याला येता येईना. गावात वीज नव्हती, दूरध्वनीही बंद पडले होते. मृग चार दिवसांवर आला होता. मी गेलो तेव्हा गुरुजी ओटीवरच्या झोपाळ्यावर बसले होते. डोक्यावर उघडे आभाळ दिसत होते.

“गुरुजी, शाकारणीचे काय करायचे?” मी विचारले.

“कोणासाठी शाकारायचे?” एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे तीन मित्र अंगणात आले. एक गवंडी, एक होड्या बांधणारे सुतार आणि एक दुधाचा रतीब घालणारे. चौघेही एकेकाळी गावच्या शाळेत एकाच बाकावर बसत. तिघांच्याही स्वतःच्या घरांची कौले उडाली होती. त्यांनी गुरुजींना काही विचारले नाही, सांत्वनाचे शब्दही बोलले नाहीत. गवंडीदादांनी शिडी लावली आणि मला म्हणाले, “बघत काय उभा राहिलास? खाली पडलेली कौले गोळा कर.”

छपराचे नऊ वासे मोडले होते. परसातला फणस वादळात पडला होता. त्याचेच वासे काढावेत, असे मी सुचवले. सुतारकाका हसले. “ओले लाकूड आज सरळ दिसेल आणि वाळल्यावर वाकेल. मग कौले घसरतील.” संध्याकाळी ते बैलगाडीतून वाळलेले सागवान घेऊन आले. नव्या होडीसाठी त्यांनी ते दोन वर्षे जपून ठेवले होते. ती होडी पुढे वर्षभर रखडली. ही गोष्ट मला फार उशिरा, आणि तीही दुसऱ्याकडून कळली.

खाली शेजारची मुले कौले निवडत होती. कौल हातात धरून बोटाने टिचकी मारायची. खणखणीत आवाज आला तर ते धड, बद्द आवाज आला तर त्याला बारीक चीर गेलेली. मुलांनी एक तडकलेले कौल चांगल्यांत ठेवले. झोपाळ्यावरून आवाज आला, “ते नापास!” सर्वांनी वळून पाहिले. गुरुजी उठून अंगणात आले, त्यांनी ते कौल उचलले आणि पुन्हा टिचकी मारून ऐकवले. त्यानंतर दिवे लागणीपर्यंत ते कौलांच्या राशीपाशीच बसून होते.

बाजारात कौलांची टंचाई होती. जमली तेवढी चढवली, मागच्या पडवीवर ताडपत्री बांधली. पाऊस आला तेव्हा ओटी आणि माजघर कोरडे राहिले.

स्वयंपाकघराची भिंत मात्र पावसाळाभर भिजली. पावसाळा संपल्यावर गवंडीदादांनी तिच्यावर थापीच्या दांड्याने ठोकून पाहिले. आतून पोकळ आवाज आला. पूर्वी कधी तरी त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. जांभा सच्छिद्र असतो, तो पाणी शोषून घेतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल हळूहळू बाहेर पडते. सिमेंट तिला आत कोंडते. “हा सगळा उतरवून चुन्याचा करू,” ते म्हणाले.

“त्या भिंतीला हात लावायचा नाही,” गुरुजी म्हणाले.

“अरे मास्तर, चिरे कुजल्यासारखे झालेत. उद्या भिंत पडली तर?”

“पडू दे.”

गवंडीदादा रागावून निघून गेले. तीन दिवस ते आले नाहीत. आम्हांला कारण समजेना. मी भिंतीजवळ गेलो, तेव्हा दिसले. चुलीच्या बाजूला कोळशाने ओढलेल्या रेघा होत्या. काकू दुधाचा हिशेब तेथे ठेवीत. लिटरला लांब रेघ, अर्ध्या लिटरला आखूड. महिना संपला की ओल्या फडक्याने पुसून टाकीत. माघातल्या रेघा पुसायच्या राहून गेल्या होत्या.

चौथ्या दिवशी गुरुजींनी मला बोलावले. त्यांच्या हातात वही होती. त्यांनी एकेक रेघ वहीत उतरून घेतली, लांब तेथे लांब, आखूड तेथे आखूड. दोनदा मोजून पाहिली. मग म्हणाले, “गवंड्याला सांग, मी बोलावलंय. आणि छिन्नी-हातोडा घेऊन ये.” गिलाव्यावरचा पहिला घाव त्यांनीच घातला.

चुनकळी पाण्यात टाकली की ती उकळी फुटल्यासारखी खदखदते, म्हणून मुलांना दूर उभे केले होते. ती विरून, मुरून मऊ होईपर्यंत भिंत उघडी वाळत राहिली. दिवाळीच्या आधी नवा गिलावा झाला.

त्या दिवशी सगळे ओटीवर चहा पीत असताना गुरुजींनी वही उघडली आणि दूधवाल्या मित्रापुढे पैसे ठेवले. “साडेअकरा लिटर. माघातले. तू मागितले नाहीस.”

दूधवाले काका क्षणभर पैशांकडे पाहत राहिले. नको म्हणतील, असे मला वाटले. त्यांनी ते उचलले, मोजले आणि खिशात घातले. “बरोबर आहेत,” ते म्हणाले. “वहिनींचा हिशेब कधी चुकत नसे. उद्यापासून किती घालू?”

“अर्धा लिटर,” गुरुजी म्हणाले. आणि कोळसा शोधायला आत गेले.