पद सुचत नाही? अवधूताचे चार गुरू पाहा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंती जवळ आली, की आमच्या भजनी मंडळात एक विषय हमखास निघतो. "यंदा एखादं नवं पद म्हणू या, पण लिहिणार कोण? आपल्याला थोडंच सुचतंय!" मंडळी साठीच्या पुढची, आयुष्यभर पदे म्हटलेली. शब्दांना तोटा नाही, चालींनाही नाही. तरी हात आखडतो. स्फूर्ती फक्त संतांनाच होते, असा आपला समज. मला वाटते, ज्या देवाचे पद लिहायचे, त्याच्याच कथेत याचे उत्तर आहे.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. याच स्कंधावर नाथमहाराजांनी टीका लिहिली आणि शके 1495 मध्ये काशीत ती पूर्ण केली. हे गुरू कोण? पृथ्वी, वारा, भुंगा, कोळी, बाण घडवणारा कारागीर. सगळे वाटेत दिसलेले. अवधूताने नीट पाहिले आणि तो शिकला. पद सुचण्याची वाटही हीच. त्यांतले चार गुरू लिहिणाऱ्यांनी जरूर धरावेत.

भुंगा. तो फुलाफुलातून थोडे थोडे घेतो. आपणही रोज एक ओळ टिपावी. औदुंबराखाली पडलेले फळ, नातवाने विचारलेला प्रश्न, काहीही चालेल. वहीच हवी असेही नाही. दत्तभक्त दासोपंतांनी तर पंचीकरण पासोडीवर लिहिले!

बाण करणारा. राजाची स्वारी वाजतगाजत गेली, तरी त्याला कळले नाही. एका पदात एकच गोष्ट धरावी. पादुका तर पादुकाच. गाणगापूर, गिरनार, माहूर सगळे एका पदात कोंबले, तर एकही डोळ्यांपुढे उभे राहत नाही.

कुमारी. साळी कांडताना तिच्या बांगड्या वाजू लागल्या. पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तिने एकेक काढली आणि हातात एकच ठेवली. विशेषणांचे तसेच आहे. दयाघन, कृपासिंधू, दीनानाथ एका ओळीत आले, की नुसता किणकिणाट होतो. एक ठेवा, बाकी काढा.

कोळी. तो आपल्याच पोटातून धागा काढतो. आमच्या मंडळातल्या एक मावशी यजमान गेल्यावर वर्षभर भजनाला आल्या नाहीत. आल्या, तेव्हा चार ओळी लिहून आणल्या होत्या. पूजेला हात अजून दोन पाट मांडतो, दुसऱ्यावर आता दत्ता तूच बस, एवढेच त्यांचे मागणे. त्या दिवशी टाळ काही वेळ थांबले होते. असा धागा उसना मिळत नाही.

आता घडणीविषयी. मोठ्या अभंगाला चार चरण. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक. समजावे म्हणून माझीच एक साधी ओळ देतो:

पहाटे अंगणी । सडा मी टाकला ।
गंध तो फाकला । मातीतून ॥

बोटांवर अक्षरे मोजून पाहा. जोडाक्षर एकच धरायचे. यात देवाचे नाव अजून आलेले नाही. ते पुढच्या कडव्यात येऊ द्या. आधी अंगण दिसू दे.

सिनेमाच्या चालीवर शब्द बसवणे सोपे, पण ऐकणाऱ्याच्या मनात मूळ गाणेच वाजत राहते. त्यापेक्षा नेहमीची अभंगाची चाल घ्यावी. लिहिलेले मोठ्याने म्हणावे. जिथे श्वास अडतो, तिथे शब्द बदलावा. मग दोन दिवस झाकून ठेवून पुन्हा पाहावे.

शेवटी नाममुद्रा. नाथांनी 'एका जनार्दनी' म्हणताना आपल्या नावाला गुरूंचे नाव जोडले. आपली मुद्रा नसली तरी बिघडत नाही. पद चांगले झाले का, ही चिंताही नको. आपण गेल्यावर मुलांना आपली पोथी सापडेल, तशी घरातल्या वहीत आपल्या हातची चार कडवी सापडली, तर ती दत्तापुढे कोणीतरी म्हणेलच की! म्हणून मंडळींनो, मार्गशीर्ष पौर्णिमेची वाट न पाहता आजच एक ओळ लिहा.

अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त!